डेंग्यूची धास्ती मोजताना: कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून सेक्टर, विंगांची नावं आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

सोसायटी कोपरखैरण्यातली, सिडकोच्या जुन्या वसाहतीला लागून उभी राहिलेली. चार विंग, तळमजल्यावर दुकानांचे गाळे, मागे वॉचमनची खोली. राहणारे बरेचसे सातारा-सांगलीकडचे. वडील मार्केटात माथाडी होते, मुलं आता महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत. शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडलेली आणि तिच्या तळघराच्या खड्ड्यात पावसाचं पाणी भरलेलं.

गणपती उठले, पावसाची उघडझाप सुरू झाली आणि घरोघरी ताप दिसू लागला. नवी मुंबईत हा दरवर्षीचाच काळ. धो-धो पावसात भांड्याकुंड्यांतलं पाणी वाहून जातं, उघडीप मिळाली की ते तसंच साचून राहतं, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत पोचायला लागणारे आठ-दहा दिवस बिनबोभाट मिळतात. त्या वर्षी बी विंगमधल्या एका तरुणाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. तो बरा होऊन घरी आला. पण तो दवाखान्यात होता तितके दिवस त्याच्या प्लेटलेट्सचा आकडा सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता, शेअर बाजाराचा निर्देशांक फिरावा तसा.

त्यात भर पडली आकड्यांच्या वादाची. रहिवाशांच्या हिशेबानं सोसायटीत डेंग्यूचे बरेच रुग्ण होते, आरोग्य केंद्राच्या नोंदीत जवळजवळ सगळे ‘संशयित’. यात लपवाछपवी नव्हती. खासगी लॅबमध्ये बहुतेकदा कार्डावरची झटपट चाचणी होते. सरकारी मोजणीत मात्र एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं तपासून सकारात्मक आलेला नमुनाच पक्का रुग्ण धरला जातो. हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही, त्यामुळे ‘आकडे दाबतात’ हे वाक्य लिफ्टमध्ये, दूध केंद्रावर, सगळीकडे ऐकू येऊ लागलं. माझ्या मते निम्मी धास्ती तापाची होती आणि निम्मी या अविश्वासाची.

अडचण

आमचा तिघांचा छोटा गट आहे: दोन समुपदेशक आणि सामुदायिक आरोग्य शिकवणारी एक डॉक्टर मैत्रीण. सेक्रेटरी आमच्याकडे आले ते सरळ मागणी घेऊन. “लोक किती घाबरलेत ते मोजून द्या. वॉर्ड ऑफिसच्या पत्राला जोडतो. फवारणी तरी होईल.”

मागणी रास्त होती. पण खोलीत बसलेल्या प्रत्येकाला वेगळंच काही मोजायचं होतं. सेक्रेटरींना पालिकेपुढे ठेवायला वजनदार आकडा हवा होता. डॉक्टर मैत्रिणीला रोज सकाळी लॅबपुढे लागणारी रांग खटकत होती. ताप नसलेली माणसंही रक्त द्यायला उभी राहत होती. आणि आम्हा समुपदेशकांना शोधायची होती अशी माणसं, ज्यांचं रोजचं जगणं या धास्तीनं अडलं आहे.

असं एक घर आम्हाला पहिल्याच भेटीत दिसलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला साधा विषाणूजन्य ताप येऊन गेला होता. एनएस-वन ही डेंग्यूची रक्तचाचणी निगेटिव्ह, ताप उतरूनही आठवडा झालेला. तरी रोज रक्ततपासणी चालू. भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकटींमध्ये, ‘दीड लि.’च्या खाली लाल पेनानं प्लेटलेट्स लिहिलेल्या: १ लाख ८२, १ लाख ९०, १ लाख ७६. शेवटच्या आकड्याभोवती गोल. पोराच्या कोपरापाशी सुईचा काळानिळा डाग. डॉक्टर म्हणाली, “काकू, दीड लाखाच्या वर म्हणजे नॉर्मलच आहेत हो. एवढा फरक रोज पडतोच.” काकू म्हणाल्या, “कळतंय गं मला. पण आकडा बघितला की जीव भांड्यात पडतो.” मग थोडं थांबून, “दुपारपर्यंत.”

काकूंच्या सुनेनं आम्हाला दारापाशी गाठून हळूच विचारलं, “ताई, हे आजारपण कुणाचं म्हणायचं?”

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय तयार फूटपट्टीचा. जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी २००६ मध्ये रॉबर्ट स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी मांडली. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा बेचैन वाटलं, काळजी थांबवता आली नाही, चिडचिड झाली, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहा किंवा जास्त आले की नीट बोलून पाहावं, असा संकेत. वापरायला फुकट, भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पण ती चाचणी सर्वसाधारण चिंतेची. चिंता कशाची, हे ती विचारत नाही. तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन दोन रात्री काढलेल्या आईला चिडचिड होणारच, निवांत बसवणार नाहीच. ‘काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटते का’ या प्रश्नाचं तर बी विंगमध्ये काय करायचं? तिथं खालच्या मजल्यावर ते घडलेलंच होतं. अशा ठिकाणी जास्त गुण आले म्हणून त्याला विकार म्हणणं चूक, आणि गुण कमी आले म्हणून सगळं आलबेल मानणंही चूक.

दुसरा पर्याय कोविडच्या काळात तयार झालेल्या साधनांचा. २०२० मध्ये आलेल्या कोविड-भीती मापनश्रेणीत सात विधानं आहेत, गुण ७ ते ३५. त्यात ‘कोरोना’ खोडून ‘डेंग्यू’ लिहायचं, एवढंच. सोपं वाटतं, पण आम्ही ते बाजूला ठेवलं. कोविडची भीती माणसापासून माणसाला होणाऱ्या आजाराची होती. तिथं शेजाऱ्यापासून लांब राहणं हा उपाय होता. डेंग्यूत शेजाऱ्याच्या बाल्कनीतल्या बादलीकडे लक्ष ठेवावं लागतं. विधानं बदलली की श्रेणीची मूळ पारख निघून जाते आणि हातात उरतात नुसते गुण.

तिसरा पर्याय स्वतःचे प्रश्न लिहिण्याचा. भीती शब्दांत न विचारता वागण्यातून पाहायची: गेल्या आठवड्यात किती वेळा रक्त तपासलं, मुलांना खाली खेळायला सोडता का, दिवसभर खिडक्या बंद असतात का, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या कधी ओतल्या. यात एक प्रश्न डॉक्टर मैत्रिणीनं हट्टानं घातला: ‘घरात डेंग्यू होऊ न देणं किती आपल्या हातात आहे असं वाटतं?’ तिचा आधार किम विट्टे यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या विचाराचा. धोका मोठा वाटतो आणि उपायही हातात आहे असं वाटतं, तेव्हा माणूस धोक्याशी लढतो. धोका मोठा पण उपाय हाताबाहेर वाटला, की तो धोक्याऐवजी स्वतःच्या भीतीशीच झटापट करतो: टाळतो, नाकारतो, नाहीतर एखादी कृती पुन्हा पुन्हा करत राहतो. काकूंचं कॅलेंडर मला त्यानंतर वेगळं दिसू लागलं.

चौथा पर्याय होता काहीच न मोजण्याचा. सरळ कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करणं) पाळायला लावावा, डॉक्टरांचं भाषण ठेवावं, झालं. खरं सांगायचं तर पैसा आणि वेळ पाहता हा पर्याय वाईट नव्हता. तो सोडला तो एकाच कारणानं: कुणाशी बसून बोलायला हवं हे भाषणातून कळत नाही. ज्याला सर्वांत जास्त गरज असते तो सतरंजीवर पुढे येऊन बसत नाही.

ठरलं ते असं की जीएडी-७ फक्त गाळणीपुरती वापरायची, डेंग्यूबद्दलच्या मोजक्या प्रश्नांवर मुख्य भर द्यायचा, आणि त्याच दिवशी घराघरातलं साचलेलं पाणीही तपासायचं.

निर्णयाच्या जागा

कागदावर सोपं दिसलेलं हे ठरवताना चार ठिकाणी अडलं.

नाव घ्यायचं की नाही? कमिटीला फ्लॅट नंबर हवा होता. आम्ही ठाम नाही म्हटलं. ‘चारशे दोनच्या वहिनींचे सोळा आले’ हे संध्याकाळपर्यंत कठड्यावर पोचलं असतं. पण निनावी ठेवलं तर सोळावाल्या वहिनींना शोधायचं कसं? तोडगा म्हणून फॉर्मवर फक्त विंग ठेवली आणि सोबत वेगळी चिठ्ठी दिली: ‘कुणी फोन करावा असं वाटत असेल तर नंबर लिहा, वेगळ्या पेटीत टाका.’ चिठ्ठीच्या खाली टेली-मानसचा १४४१६ हा नंबर छापला. ही सरकारी मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. रात्री दोनला आमच्याऐवजी तीच उपयोगी.

विचारायचं कुणी? ऑनलाइन फॉर्म ग्रुपवर टाकला असता तर एका रात्रीत काम झालं असतं. पण ग्रुपवर मालक असतात. भाडेकरू क्वचित, गाळ्यांवरची पोरं नाहीत, वॉचमन नाही. म्हणून दारोदार जायचं ठरलं. गाळे आणि मागची खोली आधी कमिटीच्या एका सदस्याकडे दिली होती. वॉचमनदादांनी त्यांना प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं: “आम्हाला कसलं टेन्शन साहेब.” शून्य गुण. नंतर भागातल्या आशाताई त्यांच्याकडे ओट्यावर बसल्या तेव्हा ते म्हणाले, ताप आला तर चार दिवस घरी बसावं लागेल, बदली माणूस आला की आपली जागा गेली. प्रश्नावलीत डेंग्यूनं दगावण्याची भीती होती, पगार बुडण्याची नव्हती. तो प्रश्न तिथल्या तिथं पेनानं वाढवला. शास्त्राच्या दृष्टीनं अर्ध्यातून प्रश्न वाढवणं बसत नाही, आणि तरी तो वाढवायलाच हवा होता असं मला आजही वाटतं.

आधी काय, फॉर्म की बादली? एकाच माणसानं तुमच्या बाल्कनीतली अळी दाखवायची आणि लगेच ‘किती काळजी वाटते’ विचारायचं, म्हणजे उत्तर ‘खूप’च येणार. म्हणून सकाळी फॉर्म, दुपारी पाणी. माणसंही वेगळी.

आणि निकाल सांगायचा कसा? हे आधी ठरवलं गेलं नाही, आणि तेच पुढे नडलं.

काय दिसलं

पाण्याची तपासणी ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता येणार नाही. पाहुण्यांच्या बाथरूममधली झाकण नसलेली बादली, फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या नळीखाली ठेवलेला आइस्क्रीमचा डबा, काचेच्या बाटलीतला मनीप्लांट. मोबाइलचा टॉर्च मारला की वळवळणाऱ्या अळ्या सुळकन तळाशी जायच्या आणि जरा वेळानं पुन्हा वर येऊन डोकं खाली करून लोंबकळायच्या. घरातल्या स्वच्छ पाण्यात अशा अळ्या बहुधा एडिसच्या. शेजारच्या खड्ड्यातून बरणीत आणलेल्या अळ्या मात्र पृष्ठभागालगत आडव्या पडून होत्या, म्हणजे अॅनोफिलीस, मलेरियाच्या जातीच्या. सोसायटी ज्या खड्ड्याला डेंग्यूचं मूळ मानून महिनाभर तक्रारी करत होती, तिथं दुसरंच संकट पोसलं जात होतं. तक्रार योग्यच होती, कारण वेगळं होतं. एडिस फार लांब उडत नाही. शे-दोनशे मीटरच्या टापूतच त्याचा संसार. डेंग्यूचा डास बहुधा आपल्याच घरचा, हे ऐकून सभेत शांतता पसरली, आणि ती काही कौतुकाची नव्हती.

धास्ती आणि पाणी यांचा नकाशा जुळत नव्हता. बी विंग सर्वांत घाबरलेली आणि सर्वांत कोरडी. तिथं लोकांनी भीतीपोटी मनीप्लांटसुद्धा फेकून दिले होते. सी विंग बऱ्यापैकी निर्धास्त, आणि ‘आपल्या हातात आहे का’ या प्रश्नावर ‘पालिकेच्या हातात’ असं उत्तर देणारी. अळ्या तिथंच जास्त. वॉचमनच्या खोलीबाहेर दोन उघडे ड्रम.

घाबरलेल्यांमध्येही दोन तऱ्हा होत्या. जास्त गुण आणि ‘हो, हातात आहे’ म्हणणारी माणसं थकलेली होती, पण कामाला लागलेली. जास्त गुण आणि ‘हातात काही नाही’ म्हणणारी माणसं लॅबच्या रांगेत होती, पपईच्या पानांचा रस गाळत होती, मुलांना घरात कोंडून बसली होती. दोघांचे जीएडी-७ चे गुण सारखेच. नुसत्या त्या चाचणीवर थांबलो असतो तर दोन्ही एकाच रकान्यात गेली असती.

काय केलं

पार्किंगमध्ये सभा घेतली. डॉक्टर मैत्रिणीनं प्लेटलेट्सवर जितका वेळ दिला तितका डासांवर दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. डेंग्यूत आकडा उतरतो आणि बहुतेकांचा आपोआप चढतो. रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा कमी म्हणून प्लेटलेट्स चढवण्याची घाई नको. ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं, उलट तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान, ताप उतरतानाच जपायचं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, गळून जाणं किंवा तगमग, यातलं काहीही दिसलं की आकड्याची वाट न पाहता दवाखाना. तापाला पॅरासिटामॉल चालेल; अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन मात्र नको. एनएस-वन चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत, आयजीएम ही प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतर. हा कागद प्रत्येक लिफ्टमध्ये चिकटवला. ‘संशयित’ आणि ‘पक्का’ यांतला फरकही त्यावर दोन ओळींत लिहिला, आणि आकडे दाबल्याची कुजबुज बरीच ओसरली.

चिठ्ठ्यांच्या पेटीत थोडेच नंबर आले. त्यात काकूंचा नव्हता; त्यांच्या सुनेनं स्वतःचा टाकला होता. काकूंशी सुनेच्या मार्फतच बोलणं सुरू झालं. तपासणी एकदम बंद करायला सांगितली नाही. आधी रोजची दिवसाआड केली. मधल्या दिवशी चौकटीत आकड्याऐवजी लिहायचं: जेवला का, किती वेळा लघवीला गेला, खेळला का. काकू शिस्तीच्या. ‘जेवला, ६ वेळा, भांडला’ अशी नोंद आम्ही पुढच्या भेटीत वाचली. पुढे तपासणी थांबली.

वॉचमनदादांना ‘ड्रम रिकामा करा’ म्हणणं सोपं होतं. त्यांच्या खोलीला नळच नव्हता. सकाळी तासभर टाकीवरून पाणी सुटायचं, तेवढ्यावर दिवस काढायचा. ड्रमला कापड आणि इलॅस्टिक लावलं, आणि नळाचा विषय कमिटीपुढे ठेवला. रविवार कोरडा दिवस ठरला. भांडी नुसती ओतायची नाहीत, आतून घासायची, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून कोरडीही कित्येक महिने टिकतात.

मधल्या काळात कमिटीनं आमच्या निकालातली एकच ओळ उचलली. सगळ्या विंगांची सरासरी काढून ‘रहिवासी भयभीत’ असं पत्र गेलं. फवारणीची गाडी आली, धुरानं सोसायटी भरली, लोकांना दोन दिवस बरं वाटलं. धूर उडत्या डासाला मारतो, बादलीतल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि गाडी आली संध्याकाळ उलटल्यावर, दिवसा चावणाऱ्या डासासाठी.

निष्पत्ती

दिवाळीनंतर तेच प्रश्न पुन्हा विचारले. गुण उतरले, सर्वच विंगांत. कमिटीला हे यश वाटलं. आम्ही ते श्रेय घेतलं नाही. पाऊस गेला, हवा पालटली, डेंग्यूच ओसरला. धास्ती त्याच्याबरोबर उतरणारच होती. शिवाय ऐन भरात मोजलेला उंच आकडा पुढच्या खेपेला थोडा खाली येतो, काही केलं नाही तरी.

ज्यावर बोट ठेवता येतं ते एवढंच: सी विंगमध्ये ‘आपल्या हातात आहे’ म्हणणारे वाढले आणि दुसऱ्या तपासणीत तिथं अळ्यांची भांडी कमी सापडली. ड्रम झाकलेले होते. नळ अजून मंजुरीत.

वेगळं काय करता येईल

पहिलं मोजमाप जूनमध्ये व्हायला हवं, ताप नसताना. आधीची पातळी माहीत नसेल तर सप्टेंबरमधली धास्ती डेंग्यूची की त्या घराची नेहमीचीच, हे सांगता येत नाही. जमल्यास शेजारच्या एखाद्या सोसायटीत तेच प्रश्न त्याच दिवशी विचारावेत. तिथं काही न करताही गुण तितकेच उतरले, तर आपल्या सभेची किंमत कळेल.

निकाल कोणत्या स्वरूपात द्यायचा हे फॉर्म वाटण्याआधी कमिटीकडून लिहून घ्यावं. सरासरी द्यायचीच नाही. ‘किती घाबरलेत आणि किती जणांना हातात उपाय आहे असं वाटतं’ हे शेजारी शेजारी द्यावं. पत्रात फवारणीबरोबर खड्ड्यातलं पाणी आणि वॉचमनचा नळ हेही आलं असतं.

सर्वांत मोठी राहून गेलेली गोष्ट घरकामाच्या मावशींची. ऐन भरात ‘बाहेरच्या वस्तीतून येणाऱ्या बायका काही दिवस बंद करा’ असा ठराव कुणीतरी मांडला होता. तो बारगळला, पण त्या दोन आठवड्यांत काही घरांनी मावशींना परस्पर सुट्टी दिली, बिनपगारी. डास माणसाच्या पत्त्यावर चालत नाही हे सभेत सांगितलं, पण त्या बायकांना किती धास्ती होती, आणि कशाची, हे आमच्या एकाही कागदावर नाही. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये त्यांचा रकाना घातला आहे. त्यांना विचारायला आशाताई जाणार, सोसायटीच्या गेटवर नाही, त्यांच्या घरी. कमिटीनं याला अजून होकार दिलेला नाही, सेक्रेटरी म्हणतात, “आपल्या सोसायटीच्या सर्व्हेत त्या कशाला?” जूनच्या मीटिंगमध्ये हा विषय पहिला आहे.